नमुना क्रमांक सात

हॅलो? … हां आई, बोल. डोळा कसा आहे? … ताईने थेंब घातले का? … दिवसातून चार वेळा, हो, माहितीये. तक्ता मीच करून दिलाय तिला.

मी? काही नाही. बसलेय. … आवाज? कसला आवाज? … मिक्सर असेल शेजारचा. … अगं, मिक्सर असाही वाजतो कधीकधी. … बरं बाई, मशीन. शिलाई मशीनच. बंद केलं आता.

अभ्रा शिवत होते. उशीचा. … हो, मी! मला काय शिवता येत नाही? … त्या फ्रॉकचा विषय आता कशाला, मी दहा वर्षांची होते.

बरं, एक विचारू? सहज हं. समजा कापड सुती आहे, जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. मध्ये कापूस, खाली अस्तर. आणि तिन्ही थरांवरून मशीनची टीप मारायचीये. तर सुई… अगं, समजा म्हणाले ना! … हो, अभ्र्यात कापूस नसतो. … अस्तरही नसतं. … माहितीये.

…

हो. तीच गोधडी. बाबांच्या शर्टांची.

अगं ऐक ना… आई, ऐक तर… ओरडू नकोस, डॉक्टरांनी ताण घ्यायचा नाही म्हणून सांगितलंय. … तुला उद्या घरी आल्या आल्या दाखवायची होती. बाबा गेल्यापासून दोन वर्षं तू तुकडे जोडत बसलीस, आणि नेमकं थर एकत्र शिवायच्या वेळी मोतीबिंदू आडवा आला. म्हटलं, तेवढं आपण करू. … नाही विचारलं. विचारलं असतं तर 'नको' म्हणाली असतीस. … बघ. म्हणालीसच.

पण मी उगाच हात घातलेला नाही. आधी रीतसर प्रयोग केला. … दोऱ्यांवर. अकरा प्रकारचे दोरे जमवले. तुझ्या डब्यातले चार, बाकीचे विकत. दुकानदार म्हणाला, ताई, टेलरिंगचं दुकान काढताय की काय. … ऐक ना. प्रत्येक दोरा पडद्याच्या दांडीला बांधला, खाली बाटली लटकवली आणि तुटेपर्यंत पेल्याने पाणी ओतत गेले. … प्रत्येकाला पाच वेळा. … कारण एकदाच घेतलेलं माप धरत नाहीत. … हो, पुसली फरशी. … अगं, पंचावन्न बाटल्या कुठल्या, बाटली एकच. पंचावन्न वेळा. … पायपुसणं वाळतंय.

पहिला कोण आला ते तर विचार. … विचार ना! … नमुना चार. सोफ्याची कव्हरं शिवतात तो नायलॉन. बाटली पुरेना, शेवटी बादली लावली. अर्धी बादली पेलली त्याने! दांडी वाकली, पण दोरा हूं का चूं नाही. … दांडी सरळ होईल गं.

आणि शेवटचा आला तुझा. … तुझाच, डब्यातला पांढरा सुती. नमुना सात. … तीस वर्षं वापरत असशील, मी कुठे नाही म्हणतेय. पण लिटरभर पाणी काही त्याला पेलवलं नाही. मी वहीत 'नापास' लिहिलंय. … लाल पेनने, हो.

किती शिवलं? तीन ओळी. वीसपैकी. … निळ्या चौकटीच्या शर्टापासून सुरुवात केली. आणि म्हणून तर विचारत होते, सुई कितीची घालू. कारण टिपेच्या कडेने कापड जरा… जरासं फाकतंय. … म्हणजे विरतंय. … म्हणजे चीर गेलीये, आई. … एक बोटभर. … दोन बोटं. … मला वाटतं सुईच जाड पडतेय.

दोऱ्याचा काय संबंध? दोरा तर सगळ्यात पक्का… चिंधीवर? केलं की करून! … नव्या कापडाच्या. … शर्टाची चिंधी कुठून आणू? एकदा संपलं की संपलं ते. … तू उरलेल्या चिंध्यासुद्धा ठेवल्यास? … कुठे? … बिस्किटांच्या डब्यात. थांब.

सापडला. … बाह्यांचे तुकडे आहेत. आणि हा खिसा… आई, याच्यावर अजून शाईचा डाग आहे. … नाही, खिसा नाही घेत. बाही घेते.

फोन टेबलावर ठेवते हं, स्पीकरवर. … दोन तुकडे एकावर एक, मध्ये टीप. … नायलॉनचीच? बरं. … झाली. आता काय? … दोन्हीकडून धरून ओढू? … जोरात? … शर्ट आहे बाबांचा, जोरात काय ओढ म्हणतेस. … बरं, बरं. ओढते.

…

दोरा नाही तुटला.

… हो. शर्ट फाटला. टिपेवरून सरळ, ब्लेडने कापावा तसा.

… अगं, पण मग काय, दोरा मुद्दाम कच्चा घ्यायचा? हे कुठलं शास्त्र? … वीस वर्षं वापरलेलं कापड आहे, मान्य. … उलट जुनं आहे म्हणून तर दणकट दोरा घेतला!

तुझं रीळ? … आहे ना. … घरातच. … म्हणजे गॅलरीत. टोमॅटोच्या कुंडीत. … फेकलं नाही गं! नापास झालं, म्हटलं निदान रोप काठीला बांधायला उपयोगी पडेल. … नायलॉनने? काहीतरीच काय विचारतेस. नायलॉनने रोप बांधतात का? देठ कोवळा असतो. वारा आला की रोप हलणार. दोरा सैल होणार नाही, तुटणार नाही, मग तो देठालाच काप…

…

हसू नकोस.

… आई, हसू नकोस, डोळ्याला त्रास होईल. … ताईला का सांगतेस? … फोन तिला देऊ नको… हां ताई. … हो, इंजिनिअरिंगला पहिली आले होते. … हो, पदार्थांची ताकद, हाच विषय होता. … तुझी नोकरी गेली त्या दिवशी मी हसले होते का? … हसले होते. बरं. झालं आपलं फिटंफाट. दे आता आईला.

आई, खरं सांग. गेली का वाया सगळी गोधडी? … नाही? … सगळ्या ओळी उसवू? … ओढायचं नाही. खालच्या बाजूने दर चौथा टाका कापायचा, मग वरचा दोरा आपोआप सुटून येतो. समजलं. … भोकं राहतील ना पण? … पाण्याचा हात फिरवून नखाने हलकं चोळायचं. … मिटतात? … आणि ती चीर? … रविवारचा शर्ट ना तो, हो. कोपरातच गेलीये. बाबा कोपर टेकून पेपर वाचायचे, तिथे आधीच विरलं होतं. … खालून ठिगळ. … खिशाचं? अगं, शाईचा डाग दिसेल चिरेतून. … बरं. दिसू दे तर दिसू दे.

आणि पुढचं? उद्या तूच करणार? … तुला आठवडाभर वाकायचं नाहीये. मी करते ना. … करते म्हटलं ना! … रीळ आणू? थांब.

आणलं. पण आई, आठवडाभर उन्हात होतं. रोज पाणीही पडलंय त्यावर. … नुसतं बोटाने ओढलं तरी तुटतंय. … इतकं कच्चंही नको? मग किती कच्चं हवं, एकदाच आकडा सांग ना! … आकडा नाही. बरं. … वरचे वेढे काढून टाकायचे. … काढतेय. … किती काढू? … अगं, आत पांढरंशुभ्र आहे, नव्यासारखं.

बॉबिनलाही हाच. … हो, खाली-वर एकच. … सुई पातळ घातली. … ओवला दोरा, एका फटक्यात. … ताण कमी? किती? … परत आकडा नाही. … फोन मशीनजवळ ठेवू? का? … आवाजावरून कळतं तुला? … अगं, मघाशी तर मिक्सर म्हणून… हो, नाही फसलीस, माहितीये. ठेवते.

… कसा वाटला? … अजून सैल? … आता? … घुमतोय म्हणजे बरोबर. बरं.

झाली टीप. बाहीचाच तुकडा आहे. … ओढू? … आई, तूच सांग, ओढू ना? … ओढते.

…

तुटला! आई, तुटला! दोरा तुटला! … कापडाला काही नाही. एक सूतही नाही हललं. … रडत नाहीये गं, ओरडतेय. … शेजारच्यांना कळू दे, मिक्सर कोणाचा होता ते.

वहीत काय लिहू? … 'नापास' खोडते ना. लाल पेन आणते. … आई, ठेव आता. थेंबांची वेळ झाली तुझी, आणि मला तीन ओळी उसवायच्यात. … हो, दर चौथा. … हो गं, खालून. … ठेवते.