मार्नीच्या आवाजातला डार्सी

नोरीन : ओले कपडे तसेच टाकून आलेय मी. आत ड्रम कोण वाजवत होतं?

ब्रॅम : कोणी नाही, नोरीन. बस ना जरा. चहा टाकू?

नोरीन : माझ्या शेडमध्ये मला चहा विचारू नकोस. डार्सीचे ड्रम त्या कोपऱ्यात आहेत, वरची चादरही मी घातली तशीच आहे. मग मी अंगणात ऐकलं ते काय होतं?

मार्नी : सांग की तिला.

ब्रॅम : रेकॉर्डिंग लावलं होतं. मार्नीचा आवाज, बाकी काही नाही.

नोरीन : मार्नीचा आवाज मी ती शाळेच्या गणवेशात होती तेव्हापासून ऐकतेय. तिच्या मागे डार्सी होता. मार्चमध्ये पुरलंय मी माझ्या पोराला, ब्रॅम. कानांना भास झाला म्हणशील तर याद राख.

मार्नी : भास नाही. तोच होता.

ब्रॅम : हे बघ, ही गाणी आम्ही जानेवारीत इथेच रेकॉर्ड केली. आमच्या बँडची पद्धत तुला माहीतच आहे. सगळ्यांनी एका खोलीत, एकाच वेळी वाजवायचं.

मार्नी : आणि जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, त्यात तुझ्या शेडला टिनाचं छप्पर. भट्टी नुसती. पंखा एकच, तोही डार्सीने स्वतःकडे ओढून घेतलेला. म्हणून मी त्याच्या ड्रमला खेटून उभी राहिले. माझ्या माइकमध्ये माझ्याबरोबर तोही शिरला.

ब्रॅम : त्याच्या स्वतःच्या माइकचं रेकॉर्डिंग मी बंद केलं. तिथून तो गेला. हिच्या आवाजातून मात्र जात नाही. हिचा आवाज काढला तरच तो निघेल.

नोरीन : आणि त्याला काढायचं कुणी ठरवलं?

मार्नी : याने. चौथ्या अल्बमवर ड्रम मशीन वाजणार आहे. माणूस नको याला.

ब्रॅम : मशीनच्या ठोक्याखाली त्याचे ठोके ऐकू येतात, नोरीन. जुळत नाहीत. शेजारच्या खोलीत कुणीतरी चालतंय असं वाटत राहतं.

मार्नी : चालू दे की. तुझं काय जातं?

ब्रॅम : झोप जाते माझी. रोज हेडफोन लावतो आणि रोज मागे वळून बघतो. शुक्रवारी अल्बम पाठवायचाय. फक्त एकदा नव्याने गा, एवढंच मागतोय.

मार्नी : अंत्यविधीनंतर मी गायलेली नाही. न्हाणीघरातसुद्धा नाही. आणि हा म्हणतो फक्त एकदा.

नोरीन : मशीनची अक्कल कुणाची होती?

ब्रॅम : त्याचीच.

मार्नी : हे तू म्हणतोस. मी ऐकलेलं नाही.

ब्रॅम : तुझ्यासमोर बोलला असता तर तू महिनाभर तोंड फिरवून बसली असतीस. मार्नी, आपलं जे काही बदललं ते कुणी बदललं, आठव. पहिला अल्बम याच शेडमधला. नुसती गिटारची आदळआपट.

नोरीन : मेंढ्यांनी कुंपण तोडलं होतं.

ब्रॅम : लोकांना तेच आवडायला लागलं तोवर डार्सी गावातल्या बँडपथकातून ट्रॉम्बोन वाजवणारा म्हातारा उचलून घेऊन आला.

मार्नी : आणि त्या पबमध्ये लोक ओरडले, लग्नाची वरात आलीय का म्हणून.

ब्रॅम : मग वरातीला लोक नाचायला लागले, तर याला नाचाचीच गाणी हवी झाली. तिसरा अल्बम. तू तेव्हाही रडली होतीस.

मार्नी : मला एका जागी थोडं थांबायचं होतं. कुठलंही चांगलं जमायला लागलं की हा उठून चालायला लागायचा.

ब्रॅम : या वेळी म्हणाला, गाणी रिकामी करू. तुझा आवाज, लांबून येणारी एखादी गिटार आणि मशीन. जानेवारीत वाजवलं ते फक्त तुला गाताना आधार म्हणून. नंतर मला काढून टाक म्हणाला.

मार्नी : मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं.

नोरीन : खरं बोलतोय तो.

मार्नी : तूसुद्धा?

नोरीन : फेब्रुवारीत भांडी पुसत उभा होता माझ्याशेजारी. म्हणाला, आई, या रेकॉर्डवर मी नसणार. मी म्हटलं, मग लोकरीची पोती उचलायला ये, हात तरी रिकामे राहणार नाहीत. हसला. पुढच्याच महिन्यात रस्त्यावर त्याच्या गाडीला कांगारू आडवं आलं. तेव्हापासून ते वाक्य माझ्या स्वयंपाकघरात आहे. भांडी पुसायला गेले की असतंच.

मार्नी : मला नाही सांगितलंस.

नोरीन : कुणाला सांगू? मेंढ्यांना?

ब्रॅम : जुनं रेकॉर्डिंग मी फेकणार नाही, नोरीन. तुला देतो. घरी लावून ऐकत जा.

नोरीन : नको. घरी लावलं तरी, आज धावत आले ना, तशीच रोज इकडे धावत येईन. दार उघडलं की आत तो नसणार, तुम्ही दोघं चहा विचारणार. नको मला ते.

मार्नी : मी गायले तर तो खरंच गेला, नोरीन. माझ्याकडे त्याचं एवढंच उरलंय.

नोरीन : माझ्याकडे त्याची ओली पायताणं आहेत, दाराशी. वाळली कधीच, मी ओलीच म्हणते. तू गा, पोरी. माझ्या मुलाने एक काम सांगितलं होतं, ते तरी होऊ दे.

मार्नी : हेडफोन दे इकडे. डार्सीला पूर्ण बंद कर. अर्धवट ऐकू आला तर मी उठून जाईन.

ब्रॅम : बंद आहे. फक्त मशीन ऐकू येईल.

(मार्नी गाते. नोरीन दारातच उभी राहून ऐकते.)

ब्रॅम : सुंदर. फक्त दुसऱ्या कडव्यानंतर तू उशिरा आलीस. तेवढंच परत घेऊ.

मार्नी : उशिरा नाही आले.

ब्रॅम : मशीन पुढे निघून गेलं होतं. घे परत.

(मार्नी पुन्हा गाते.)

ब्रॅम : परत उशीर. अगदी त्याच जागी.

मार्नी : मुद्दाम नाही करत रे. घे, अजून एकदा.

(मार्नी तिसऱ्यांदा गाते.)

ब्रॅम : मार्नी.

मार्नी : आले ना उशिरा? कळलं मला.

नोरीन : तिथे डार्सी हात वर न्यायचा आणि धरून ठेवायचा. जेवणाच्या टेबलावर चमच्याने वाजवतानाही तसाच. मी ओरडायचे, मार एकदाचा, नाहीतर खाली ठेव.

मार्नी : हो. आणि तो हात खाली येईपर्यंत मी तोंड उघडायचे नाही. आता तो कानात नाहीये, ब्रॅम. काहीही ऐकू येत नाहीये. तरी मी थांबतेय.

नोरीन : हेही काढता येतं का तुझ्या त्या यंत्रात?

ब्रॅम : येतं. तिचा आवाज तिथे कापायचा, थोडा पुढे सरकवायचा. कुणाला कळणार नाही.

नोरीन : मग?

ब्रॅम : त्याने ड्रम काढायला सांगितले होते. ते काढले मी. या थांबण्याबद्दल काही बोलला नव्हता.

मार्नी : मग आता काय करतोयस?

ब्रॅम : मशीनला तिथे थांबायला लावतोय. तू कर सुरुवात, ते येईल मागून.