यशूची डबल बेल

हॅलो?… सिंधू? हां, मीच, पंचशीला. बरं झालं लगेच उलटा फोन केलास. तू घरीच आहेस ना?… मग चप्पल घाल आणि आमच्या बाबांकडे जा. आत्ता… नाही गं, कुणाला काही झालेलं नाही. होऊ नये म्हणूनच जा म्हणतेय.

सांगते, चालता चालता ऐक. दिवाळीला मी नांदेडला आले होते, तेव्हा आई तुझ्यासमोरच काय म्हणाली होती? "पंचे, तुझ्या बाबाला दुधाची निळी पिशवी सांगावी तर हिरवी आणून राहिलेत. डोळे दाखव त्यांचे." आणि मी काय केलं?… हो, हसले. म्हटलं, नवऱ्याला दुकानात पाठवायचं आणि वर रंगही आपणच ठरवायचा?… तूही हसलीस, हो. आई तेवढी हसली नव्हती.

निघालीस का?… भाजी गॅसवरून उतरव आणि नीघ. साडेदहा झाले. अकराला माझ्या यशूचा चित्रकलेचा वर्ग असतो, बाबा तिला स्कूटीवर सोडतात. आई कालच नायगावला गेली मावशीकडे. घरात दोघंच… फोन? वीस वेळा केला. निघायच्या आधी ते फोन कपाटात ठेवतात. बत्तीस वर्षं एसटी चालवली, स्टिअरिंगवर हात असताना फोन नको म्हणजे नको. एरवी कौतुक वाटायचं त्या सवयीचं.

झालं काय, सकाळी मोबाईलवर चलनाचा मेसेज आला. लाल दिवा तोडल्याचा… माझी गाडी म्हणजे तीच स्कूटी, कॉलेजची. नंबर नांदेडचाच, नावावर माझ्या, म्हणून मेसेज इथं लातूरला मला येतात. या महिन्यातला तिसरा… हो, पहिले दोन आले होते. मला वाटलं फसवणुकीचे असतील. तूच सांगत असतेस ना, असली लिंक उघडायची नाही. आज सरळ सरकारी साईटवर जाऊन गाडीचा नंबर टाकला. तिन्ही खरे निघाले. चौक तोच, नवा कॅमेरा बसवलाय तो. वेळही तीच, अकराला दहा-बारा मिनिटं कमी.

दंडाचं नाही गं, दंड भरते मी. फोटो असतो त्यात. पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे गाडी, समोर लाल दिवा, बाबांचं हेल्मेट आणि… आणि त्यांच्या पुढे, हँडलपाशी उभी यशू. पिवळा फ्रॉक, हात वर केलेला. आजूबाजूच्या सगळ्या गाड्या थांबल्यात, सिंधू. एकटी हीच दोघं चौकाच्या मध्ये. उजवीकडून एक ट्रक येताना दिसतोय… रडत नाहीये. बोल तू. कुठवर आलीस?

गेटपाशी… स्कूटी कुठंय?… चालू आहे? किल्ली काढ. आधी किल्ली काढून घे, मग नमस्कार कर… काय म्हणतात?… "आता पोरींनी ड्रायव्हरची गाडी अडवायची राहिली होती." म्हणू देत. किल्ली तुझ्या हातात आहे ना?… बरं. यशूला खाली उतरव… हां. आता बसते मी. मगापासून उभीच होते.

स्पीकरवर ठेव… बाबा, जय भीम. हो, मीच पाठवलं तिला… रागवा, नंतर रागवा. एक विचारू? चौकात लाल दिवा लागला की काय करायचं?… नाही, परीक्षा नाही घेत. तुम्हीच शिकवलंय मला. लाल म्हणजे पट्ट्याच्या अलीकडे, चाक टेकू द्यायचं नाही. पिवळा म्हणजे पळ नव्हे, पिवळा म्हणजे आवर. ही स्कूटी घेतली त्या दिवशी तुम्ही मला त्या रेघेवर पाच वेळा थांबवलं होतं, मागचे हॉर्न मारत होते तरी… आठवतं ना. मग तीन फोटो कसे आले तुमचे?

बाबा?… कॅमेरा खोटा कसा असेल? तीनदा?… बरं, राहू द्या. यशूकडे द्या फोन.

यशू, बाळा, आईचं एक काम करशील? गाडीवर आबा तुला काय विचारतात?… बेल मागतात? कसली बेल?… तू कंडक्टर. हो का. आणि एक बेल म्हणजे?… थांबा. आणि दोन?… "टिंग टिंग, जाऊ द्या." छान येतं की तुला. कधी देतेस डबल बेल?… हिरवं दिसलं की. शहाणी गं माझी बाई. म्हणजे हिरवा गोल दिसला की?… बाण? कसला बाण?

थांब, थांब. फोटो बघते… सिंधू, अगं लाल गोल आहे, आणि त्याच्या शेजारी हिरवा बाण. डावीकडचा. तिन्ही फोटोंत. मी लालच बघत बसले, बाण दिसलाच नाही मला… हो ना. डावीकडे वळणाऱ्यांनी जायचं, सरळ जाणाऱ्यांना लालच. तिनं हिरवं बघितलं आणि बेल दिली. तो वर केलेला हात कॅमेऱ्याला नव्हता गं. बेलची दोरी ओढत होती ती.

दे, बाबांकडे दे… बाबा, तुम्हाला माहीत आहे बाणाचं. तिला कुठून माहीत? चार वर्षांची आहे ती… नाही, खेळ नव्हता तो. खेळ असता तर तुम्ही स्वतः दिवा बघितला असता. कधीपासून दिसत नाही?… बाबा, मी ओरडत नाहीये.

… हां… समोरून ऊन आलं की तिन्ही दिवे पांढरे. संक्रांतीपासून जास्तच. आणि आईला म्हणालात चष्म्यावर धूळ आहे.

का नाही सांगितलं?… काय?… मोठ्यानं बोला, पंख्याचा आवाज येतोय.

… यशूला परत नेईन म्हणून?

बाबा. इथं नळाला दहाव्या दिवशी पाणी येतंय. पोरीला अंघोळ घालायची की कपडे धुवायचे, हे ठरवायला लागायचं, म्हणून तुमच्याकडे गोदावरीच्या काठी ठेवलंय तिला. पण उद्या इथल्या नळाला रोज पाणी आलं तरी सुट्टीभर ती तुमच्याचकडे राहील. कोण नेतंय? फक्त स्कूटीवर नाही. चालत जा, छत्री घ्या, वाटेत रसवंतीवर थांबा. उशीर झाला तर झाला… बाईंना मी सांगते.

आणि डोळे दाखवायचे. मोतीबिंदूच असेल बहुतेक, पण ते डॉक्टर सांगू देत. मी उद्या पहिल्या गाडीनं येते… एसटीनंच येते, दुसरं काय. तुम्हाला नीट दिसायला लागलं की किल्ली मी स्वतः देईन तुमच्या हातात. पट्ट्यावर पाच वेळा थांबवीन मात्र… हसलात ना? हसा. हाव, हाव… ड्रायव्हरचा बिल्ला काही कुणी काढून घेत नाही तुमचा. बत्तीस वर्षं विनाअपघात, ते तसंच राहायला पाहिजे म्हणून तर.

सिंधू, स्पीकर बंद कर… निघाली दोघं? पायी?… कोणी कुणाचं बोट धरलंय?… बरं. दिसेनाशी होईपर्यंत उभी राहा जरा. किल्ली तुझ्या डब्यात ठेव, तांदळाच्या.

आणि ऐक, एक राहिलं. तुझे सासरे, शेषेरावमामा, अजून लुना काढतात ना भाजीला?… तेच म्हणतेय, त्यांना ठणठणीत दिसतं हे सांगितलं कुणी? त्यांनीच ना. घरी गेलीस की दुधाच्या दोन पिशव्या समोर धर, एक निळी, एक हिरवी, आणि सहज विचार… टँकर आला वाटतं आमच्या गल्लीत, घागरी वाजून राहिल्यात, ठेवते. पण तू विचार. संध्याकाळी नको, आत्ताच… हसू नकोस गं. मीपण हसलेच होते.