एकाच पुस्तकाची तीनदा शिफारस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या विद्यापीठाचे माननीय कुलगुरू महोदय. प्रमुख पाहुणे, ज्यांच्या दातृत्वाचं झुंबर आत्ता आपल्या सर्वांच्या डोक्यावर आहे ते सन्माननीय विश्वस्तसाहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या ग्रंथपालबाई. मागे बागेकडच्या दाराशी उभे असलेले फादर. ख्रिस्ती ईशज्ञान विभागाचे आणि इतर विभागांचे माझे सहकारी. गायकवृंद आणि विद्यार्थी मित्रहो.

टाळ्या नकोत. खरंच नकोत. हा वाचनालयाचा मोठा हॉल आहे, खुर्च्या मांडल्या म्हणून त्याचं सभागृह होत नाही. इथे मोठ्याने बोलायचं नाही आणि धावायचं नाही, हा बाईंचा नियम आहे. आज शेवटच्या दिवशी तरी तो पाळू या. आणखी एक कारण आहे, तेही सांगतो. जरा धीर धरा.

बाईंबद्दल काय बोलावं? दर महिन्याला त्यांची 'ग्रंथवार्ता' निघायची. एका बाजूला वाचनालयाच्या बातम्या: कोणती पुस्तकं आली, कोणती बांधणीला गेली, कुणी पानं दुमडली. दुसऱ्या बाजूला वाचनाची शिफारस. नवख्या माणसाला वाटायचं, ही पुस्तकांची जाहिरात आहे. मुरलेल्यांना ठाऊक होतं की ते लेकी बोले सुने लागे आहे. वसतिगृहातलं सूप इतकं पातळ झालं की वाटीचा तळ वाचता यावा, तेव्हा बाईंनी तक्रार केली नाही. शंभर माणसांचा स्वयंपाक कसा करावा या पुस्तकाची शिफारस केली. पुढच्याच आठवड्यात सूप दाट झालं. चर्चच्या इतिहासाचे आमचे प्राध्यापक घंटा झाली तरी थांबत नसत, तर त्या महिन्यात घड्याळदुरुस्तीवरचं पुस्तक! ते बघा, प्राध्यापकमहाशय स्वतःच हसतायत. वरिष्ठांना तोंडावर काही सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही. बाईंनी त्यातून वाट काढली होती.

आणि मग त्या लागोपाठ तीन महिने एकाच पुस्तकाची शिफारस करत राहिल्या. जुन्या लाकडी छतांची निगा.

काय हसलो आपण! कुणी म्हणालं, बाईंना आता सुतारकाम शिकायचंय. कुणी म्हणालं, वय झालं. मी स्वतः काउंटरवर जाऊन विचारलं, "अहो बाई, हे कोण वाचणार?"

त्या म्हणाल्या, "ज्याच्या डोक्यावर छत आहे त्याने वाचावं, सर."

कुलगुरू महोदयांनीही त्यांना बोलावून घेतलं होतं. "तीन महिने एकच पुस्तक, बाई?"

"अजून कुणी नेलं नाही ना, सर," बाई म्हणाल्या.

त्यानंतर कागदाची बचत म्हणून ग्रंथवार्ता बंद झाली. पाठोपाठ बाईंच्या विश्रांतीची काळजी सुरू झाली, आणि ती इतकी वाढली की त्यांची निवृत्ती अलीकडे ओढली गेली. त्याच सुमारास हे झुंबर मधल्या जुन्या तुळईला टांगलं गेलं. पितळी आहे, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं आहे. विश्वस्तसाहेब, वस्तू देखणी आहे, याबद्दल दुमत नाही. देणाऱ्याचं मन मोडायला नको म्हणून तुळई कुणी तपासली नाही, यात आपला दोष कसा म्हणावा?

हा आवाज ऐकलात? नाही, खुर्ची नव्हे. वरून आला.

मित्रहो, आजच्या भाषणाची तयारी म्हणून मी ते पुस्तक या आठवड्यात घरी नेलं. बाईंना निरोप देताना बाईंचं पुस्तक वाचलेलं असावं, एवढाच हेतू. रुक्ष आहे हो, फार रुक्ष. पण एक प्रकरण वाचून माझी झोप उडाली. आतून कुजलेली तुळई वरून धडधाकट दिसते. मोडण्याआधी ती तीनदा सांगते. पहिल्यांदा टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. खाली गर्दी जमून हवा तापली की कण्हल्यासारखा आवाज येतो. आणि शेवटी लाकडाचा बारीक भुसा गळू लागतो.

आज सकाळी मी कुलगुरू महोदयांना विनंती केली की कार्यक्रम बागेत घेऊ. ते हसून म्हणाले, "शंभर वर्षं उभं आहे हे छत. तुमच्या भाषणापुरतं नक्की टिकेल!" माझीही खात्री नव्हती, आणि पुस्तक वाचून घाबरलेला मास्तर म्हणून हसं करून घ्यायची हिंमत नव्हती. फक्त फादरांना सांगून बागेकडच्या दाराचं कुलूप तेवढं काढून ठेवलं. मघाशी प्रार्थनागीताला आपण सगळे उभे राहिलो तेव्हा टिचकी ऐकू आली. आत्ताचं कण्हणं तुम्हीही ऐकलंत. आता मला भीती वाटते आहे, आणि ती मी लपवत नाही.

अध्यक्षमहोदय, समोरच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर पिवळसर काहीतरी पडलं होतं, ते आपण हाताने झटकलंत. एकदा पुन्हा पाहा. पुन्हा पडलं आहे.

नाही नाही, कुणी पळायचं नाही. पळालात तर दारात अडकाल. पुस्तकात तेही लिहिलं आहे. आपण वाचनालयातली माणसं आहोत, तर वाचनालयातल्यासारखेच उठू या. मी आभार मानतो, ज्यांचे आभार मानेन त्यांनी हळूच निघावं.

प्रथम झुंबराखालच्या रांगांचे आभार. उठा. खुर्च्या सरकवू नका. मधली वाट सोडा, भिंतीकडे व्हा, आणि भिंतीच्या कडेकडेने बागेच्या दाराने बाहेर. असं. शाबास. गायकवृंदाचे आभार, गाणं बाहेर झाडाखाली म्हणा, आम्हाला तिथूनही ऐकू येईल. मागच्या रांगांतल्या विद्यार्थ्यांचे आभार, फादर तुम्हाला दार दाखवतील. पिशवी राहू दे गं मुली, पिशवीचं काय एवढं! ईशज्ञान विभाग, आपले आभार. प्राध्यापकमहाशय, घंटा झाली बरं का, आज थांबायचं नाही. सहकारी मित्रहो, एकमेकांचा हात धरा, बोलू नका.

विश्वस्तसाहेब, आपलेही मनापासून आभार. वर पाहू नका. फादरांकडे पाहत चला.

बाई, तुम्ही उठत नाही आहात. मला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी तुम्ही एकेका टेबलावरचा दिवा मालवत जायचात, "मंडळी, आता घरी जा" म्हणायचात, आणि शेवटचा वाचक बाहेर पडेपर्यंत स्वतः हलायचा नाहीत. तीन महिने तुम्ही आम्हाला हेच तर सांगत होतात. आम्ही विद्वान माणसं, आम्हाला शिफारस कळली नाही. मला तुमच्यासमोर स्वतःची लाज वाटते आणि तुमचा अभिमानही वाटतो, दोन्ही एकदम. आता पाहा, खुर्च्या रिकाम्या आहेत. मंडळी घरी गेली, बाई. चला.

सत्कारातला पुष्पगुच्छ द्यायचा राहिला, मानपत्र वाचायचं राहिलं, बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं.

आणि अध्यक्षमहोदय, आपण अजून बसलेले आहात. छत माझ्या भाषणापुरतं टिकेल, असं आपणच म्हणाला होतात. म्हणून मी मघापासून बोलत राहिलो आहे. आता या हॉलमध्ये आपण, बाई आणि मी असे तिघेच उरलो आहोत, आणि माझं भाषण संपत आलं आहे.