खिडकीखालची नवरी

— नाही, गुरुजी, त्या बाजेवर नको, तिचा एक पाय लटपटतो. या खुर्चीवर बसा. हं. आणि पिशवी खाली ठेवा. मांडीवर घेऊन बसलात तर आपण घाईत आहात असे वाटते, आणि घाईतल्या माणसाशी मी बोलत नाही. उत्तर विचारता? मागच्या खेपेला दिले तेच — नाही. अंगद माझा सख्खा पुतण्या असला, त्याचा मुलगा भुजंग पस्तिशीला टेकला असला, मिळता मिळत नव्हती ती मुलगी आता मंठ्याकडे मिळाली असली, तरीही नाही. घरातला थोरला पुरुष अविवाहित असेल तर धाकट्याचा संसार टिकत नाही, असे आपण पत्रिका पाहून सांगितलेत — सांगितलेत ना? — आणि त्यावर उपाय काय, तर या रायभानला, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला, मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभे करायचे आणि रुईच्या झाडाशी लग्न लावायचे. रुईशी! जिचा चीक विषारी म्हणून माळावरची गुरे जिला तोंड लावत नाहीत तिच्याशी! मला हसू येते, गुरुजी. आपणही हसा. — नाही हसत? बरे.

लोक मला सडाफटिंग म्हणतात. शब्द अशुद्ध नाही, पण उद्धट आहे. मी 'अविवाहित' म्हणतो. मी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. मेंढरांमागे फिरताना सडकेच्या कडेला मैलांचे दगड असत, त्यांवरून अक्षरे शिकलो — 'जाफराबाद' हा मी वाचलेला पहिला शब्द — आणि आज या दोन लोखंडी पेट्या भरून ग्रंथ आहेत. बायको असती तर या पेट्यांत काय असते? गोधड्या असत्या. लग्नातली भांडी असती. भुजंगला मी हेच समजावले. म्हटले, बाबा रे, मुलीवाल्यांना शेत हवे असते आणि शेतकरी नको असतो, तर तूही मान वाकवू नकोस. एकटा राहा, ताठ राहा. त्यावर तो माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, "आबा, तुमचं ताठपण तुम्हाला लखलाभ. येक घंट्याची तर बात हाय. माझ्यासाठी बसा ना." रडला हो. एवढा दाढीमिशीचा माणूस. मी पुस्तक उघडले. दुसरे काय करणार?

एकट्याचे लाभ आपल्याला कुणी सांगितलेच नसतील, कारण ज्यांना ते ठाऊक असतात त्यांना कुणी विचारत नाही. माझा दिवा माझ्या मर्जीने विझतो. ताटात काय पडले म्हणून मी तोंड वाकडे केले, तर ते पाहायला समोर कुणी नसते. कुणाची समजूत काढायची नाही, कुणाच्या माहेरी आहेर पाठवायचा नाही. आणि सर्वांत मोठा लाभ म्हणजे दार. आतून कडी घातली की जग बाहेर. संसारी माणसाच्या दारालाही कडी असते, पण ती त्याच्या हातात नसते — काय पाहता? हो, नाही तिथे कडी. होती. ती भोके दिसतात ना, तिथेच होती. अंगदने काढली. "काका, रातच्याला पडला-बिडला तर दार तोडावं लागंल." काळजीच आहे ती, मी तक्रार केली नाही. स्टोव्हही त्यानेच नेला — "भडका उडंल, काका." आयुष्यभर माझे पिठले मी शिजवले, आता ताट आतून येते, आणि दिवेलागणीला सुगंधाबाई पेलाभर दूध आणून ठेवतात. सुगंधाबाई म्हणजे अंगदची आई, माझ्या धाकट्या भावाची मंडळी. भाऊ गेला त्याला बरीच वर्षे झाली. हे सगळे मी नकार दिल्यानंतरचे, बरे का. नकाराने माणसे दुरावतात, गुरुजी. माझी माणसे नकाराने जवळ आली. याला आपल्या पोथीत काही नाव आहे?

ती पाहा. खिडकीखाली. आपण उपाय सांगितलात आणि सुगंधाबाईंनी स्वतःच्या हाताने रोप खणून आणून तिथे लावले. रुईला पाणी घालणारे माणूस आपण कधी पाहिले आहे? बाई रोज घालतात. गुडघे दुखतात, पाला गरम करून बांधायला हवा, असे सांगतात. असेलही. पण मला दृष्टी आहे — पाने सगळी शाबूत आहेत, शेंडे तेवढे मोडलेत, आणि मोडल्या जागी पांढरा चीक गळत असतो. असो. मी कुणाविषयी भलता संशय बाळगत नाही, वाचणाऱ्या माणसाला ते शोभत नाही. मला खुपते ते निराळेच. थोरल्या दिराशी थट्टा करण्याची आमच्यात रीत नाही. डोक्यावरचा पदर ढळू न देता ही बाई या घरात म्हातारी झाली, माझ्यासमोर कधी मोठ्याने बोलली नाही, आणि आता खिडकीशी उभी राहून म्हणते, "भावजी, तुमची नवरी वाढून राह्यली बघा. आता कुठं पळता?"

'आता' कशाला म्हणते, ते — म्हणजे — निघालेच आहे म्हणून सांगतो. सुगंधाबाईंचे स्थळ मुळात माझ्यासाठी आले होते. तीर्थपुरीला पाहायला गेलो, पोहे खाल्ले, मुलीला एकच विचारले, "वाचता येते का?" ती म्हणाली, "न्हाई." मी भर बैठकीत म्हणालो, "मग मीही नाही." सगळी बैठक हसली. मला तेव्हा ते उत्तर फार नेमके वाटले होते. तिच्या बापाने लाज राखायला तिथल्या तिथे माझ्या भावाला नारळ दिला. ती तशीच बसून होती, मान खाली घालून. त्यानंतर तिने त्याचा कधी उच्चार केला नाही. बिलकुल नाही.

तर रुई मला का नको? तत्त्वासाठी. — आणि तातेरावासाठी. आपण त्याला ओळखणार नाही. माझ्या जोडीचा मेंढका, मिसरूड फुटलेले नव्हते, विहिरीत पडून गेला. बिनलग्नाचा जाऊ नये म्हणून त्याला हळद लावली, कपाळाला मुंडावळ्या बांधल्या, भिंतीला टेकवून बसवला, आणि समोर रुईची फांदी. मधे अंतरपाट. त्याचे एक टोक माझ्या हातात. 'सावधान' झाले, लोकांनी तांदूळ टाकले, मी अंतरपाट खाली घेतला, तर तांदळाचे दाणे त्याच्या उघड्या डोळ्यांवर पडलेले, आणि पापणी लवत नाही. — तेव्हापासून मंगलाष्टके ऐकू आली की मी मांडवातून उठतो. ग्रंथ वगैरे पुढचे. हे मी कुणाला सांगितलेले नाही, आपणही विसरा. अंगदला एवढे मात्र बजावले आहे, की मी गेल्यावरही हा प्रकार करायचा नाही. तो म्हणाला, "काका, त्येची काळजी तुम्ही न्हाई करायची."

तेव्हा आपण आत जाऊन सांगा, की म्हातारा बधत नाही. रुईच्या लग्नासाठी काढलेली तारीख रद्द करा, दुसरा उपाय काढू. — काय? तारीख तीच? परवाची? पण मी तर नाही म्हटले आहे, गुरुजी. अंगदला ते ठाऊक आहे. दुपारी अंगणात मांडवाचे बांबू उतरले, मला वाटले भुजंगच्या लग्नाचे. पण त्याचे लग्न तर पुढच्या महिन्यात — पिशवीत काय आहे? उघडा. उघडा म्हणतो मी. — मुंडावळ्या. अंतरपाट. हळद. हे आणायला आपल्याला कुणी सांगितले? केव्हा? आज सकाळी? मी नकार देऊनही? — गुरुजी, आपण त्यांना उपाय सांगितलात तो नेमक्या कोणत्या शब्दांत? मला शब्दशः लागते. 'जिवंतपणी झाले तर उत्तम.' बरे. आणि पुढे? — पुढे काय म्हणालात? — खाली पाहू नका. 'नाही तर... मागाहून केले तरी चालते.' असे म्हणालात. असे, या घरात, या माणसांसमोर.

— या, सुगंधाबाई. दूध? ठेवा तिथे, निवू द्या. — काय म्हणता? आज मी पिईपर्यंत बसणार? थोरल्या दिरासमोर आपण कधी बसला नाहीत. गुडघे... बसा. बसा.

उठलात, गुरुजी? हो, शेवटची जीप निघेल. नाही, काही नाही, मी काही म्हणालो नाही. कुणाला थांबवायची मला सवय नाही. एकट्याचा तोही एक लाभच. मुंडावळ्या राहिल्या आपल्या — ठेवून जायला सांगितले आहे? बरे. या आपण.

जाताना दार मात्र ओढून घेऊ नका.