गावजबानची फुलं

नाही, ती पुडी आधी टेबलावरून उचल. उचल म्हटलं ना! उघडून दाखवायची गरज नाही, मी ओळखते ती फुलं — गावजबान. गाईच्या जिभेसारखी खरखरीत पानं, म्हणून गावजबान. इराणी लोकांचं लाडकं औषध — सुकवलेली जांभळी फुलं उकळायची, वर लिंबू पिळलं की पाणी गुलाबी होतं आणि तुमच्यासारखी शिकलीसवरलेली माणसं खूश होऊन दोन कप ढोसतात. हे बघ अश्लेषा, परमुलखात पुण्याची भेटलीस म्हणून 'तू' म्हणते, राग मानू नकोस — मानलास तरी चालेल. तुझ्या लिव्हरचे आकडे वाढलेत म्हणून तुझ्या फॅमिली डॉक्टरनं तुला इथे नोव्हेनाच्या हॉस्पिटलात माझ्याकडे पाठवलं. मी दारू विचारली, कावीळ विचारली, गोळ्या विचारल्या. सगळ्याला 'नाही' म्हणालीस. आणि आता जाता जाता पर्समधून ही पुडी काढतेस आणि म्हणतेस, 'हा एक हर्बल टी घेते, पण तो नॅचरल आहे.' नॅचरल! धोतराही नॅचरलच असतो की. खाशील?

कोण देतं हे? शेजारीण? पुंगोलला इराणी शेजारीण, वा! आणि बाळंतपणानंतर झोप येत नव्हती, जीव घाबरा व्हायचा, तेव्हा डॉक्टरकडे न जाता तू तिच्याकडे गेलीस. बाळ अंगावर पितंय ना अजून? मग तेही पीत असेल हे — आलं होतं का डोक्यात? नाही आलं. नको, सांगू नकोस, तेहरानला चाचण्या झाल्यात ते मला माहितेय, वाचल्यात मी. मूठभर माणसं, थोडे आठवडे, या फुलांनी, केशरानं म्हणे उदासी जरा हलकी झाली. झाली असेल! मी कुठे नाही म्हणते? पण या कुळातल्या झाडांत लिव्हरला मारक द्रव्यं असतात, ते ही फुलं औषध म्हणून लिहून ठेवणाऱ्या हजार वर्षांपूर्वीच्या हकिमाला कुठून कळणार — त्यानं रोग्याची नाडी धरली, जीभ बघितली, झालं! काय? अ‍ॅस्पिरिन? हो, अ‍ॅस्पिरिनही झाडाच्या सालीतूनच आली, हे मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतंच. अगं, त्या सालीतलं नेमकं काय लागू पडतं ते शोधलं, मोजलं, पारखलं, मग गोळी झाली. कुणी अंदाजपंचे मुठीनं टाकून उकळत नाही बसलं!

तुला वाटतं, ही बाई उगाच चिडतेय. माझ्या घरात बघितलंय मी हे सगळं. अभय — माझा नवरा. रॅफल्स प्लेसला बँकेत होता, चांगला वरच्या जागेवर. बँकेनं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं आणि हा घरी बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला — खिडकीपाशी, दाढी वाढलेली, पायजम्यात. मी काय करायचं ते लगेच केलं. इथल्या उत्तम सायकियाट्रिस्टकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. सकाळी गोळी त्याच्या हातावर ठेवून मी हॉस्पिटलला, आल्यावर पहिला प्रश्न — घेतलीस का? अजून काय करायचं असतं माणसानं?

तर आमच्याच कॉन्डोच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर हे कामरानसाहेब. तेहरानचे, बोटीवर इंजिनियर होते, म्हातारपणी मुलाकडे राहायला आलेले. स्विमिंग पूलपाशी याची त्यांची गाठ पडली आणि म्हाताऱ्यानं याला घरी नेऊन हेच पाजलं — हीच फुलं, वर खडीसाखर. मग हा रोज दुपारी खाली. दाढी करायला लागला. एकदा मी लवकर घरी आले, तर हा कांदा चिरता चिरता शीळ घालत होता. मला म्हणाला, 'मेधा, त्यांच्या चहात काहीतरी आहे गं.' म्हटलं, आहे ना, विष आहे!

गेले मी खाली. त्यांच्या सुनेसमोर, नातवंडांसमोर सगळं ऐकवलं — लिव्हर, गोळ्यांबरोबर भलतं काही घेण्याचे धोके, सगळं. म्हाताऱ्यानं खुर्ची पुढे केली, मी बसले नाही. चहा आणला, घेतला नाही. सगळं ऐकून घेऊन इंग्रजीत म्हणतो कसा, 'डॉक्टर, फुलं आजपासून बंद. पण तुमचे मिस्टर इथे येऊन रडतात, त्यांना येऊ द्या. मी नुसतं गरम पाणी देईन.' रडतात! इतक्या वर्षांत माझ्यासमोर ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, सासरे गेले तेव्हासुद्धा नाही, तो एका परक्या म्हाताऱ्यासमोर — आणि बोलत होता म्हणे मराठीत! त्या माणसाला मराठीचं अक्षर कळत नाही. मग ऐकत काय होता तो? सांग ना, काय ऐकत होता?

बंद केलं मी जाणं-येणं. अभयनं वादसुद्धा घातला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याचं रक्त तपासून घेतलं. नॉर्मल. सगळं नॉर्मल — म्हणून काय झालं? वेळेत थांबवलं म्हणून नॉर्मल! मी चुकले असं नाही होत त्यानं. मग थोड्या दिवसांनी तो पुण्याला बहिणीकडे गेला, जरा हवापालट म्हणून. त्यालाही आता किती महिने... असो. रविवारी फोन करतो. 'कामरानसाहेब कसे आहेत?' हे विचारतो, न चुकता. मी सांगते, बरे आहेत. मला काय ठाऊक! मी पलीकडच्या लिफ्टनं जाते-येते.

तर फुलं बंद. आजपासून, थेंबभरही नको. बाळालाही त्याच्या डॉक्टरकडे नेऊन हे सांग. रक्त पुन्हा तपासू, काउंटरवर तारीख घे. झोपेसाठी सायकियाट्रिस्टच्या नावे चिठ्ठी देते, तिथे जायचंच. आणि त्या शेजारणीकडे — जायचं तर जा, मी कोण अडवणार? पण काय गं बोलता तुम्ही दोघी? म्हणजे, ती विचारते का काही, की नुसती बसते? — नको, राहू दे. मला काय करायचंय.

काय म्हणालीस?

नाही. 'परत ये' असं मी त्याला कधी म्हटलेलं नाही. आणि तो तुझ्या तपासणीचा विषय नाही. बाहेर पेशंट खोळंबलेत, नीघ आता. आणि जाताना दार नीट लावून घे.