हट्टी पोरांची पेरणी

…न्हाई न्हाई, बसा आप्पासाहेब, उठायलाव कशाला? हदगावाहून लातूरला आलाव ते लेकीला, साक्षीला घरी न्यायला — अन् का, तर सर रोज पोरांची खुर्ची बदलतेत? अहो, हुशार पुढं अन् ढ मागं असली भानगड या विरूपाक्ष सराच्या क्लासात न्हाई, चिठ्ठ्या टाकून बसवतो मी. का? भौतिकशास्त्र! समजा, चुंबकाचा पातळ पत्रा हाय, त्यात बारक्या सुया, एकेकीचं तोंड वर न्हाईतर खाली. सुईला अक्कल कुठली — शेजारच्या चौघींकडं बघती अन् तसंच तोंड करती. माझी चारशे पोरं तशीच! मागल्या रविवारी साडेतीनशे जणांनी एका प्रश्नाला पाचवा पर्याय लिहिला — अन् छापलेले पर्याय किती? चार!

मग इलाज काय? गडबड पेरायची! कुणाकडं न बघणारी हट्टी पोरं हॉलभर विखरून टाकायची, कुठंबी. सपाट पत्र्यात असल्या हट्टी सुयांची थोडी गडबड पुरती, सगळा पत्रा एका तोंडाचा होतच न्हाई. थरावर थर चढवले की मात्र थोड्यानं भागत न्हाई — म्हणून तर मी क्लासला वरचा मजला बांधला न्हाई! लोक म्हणतेत, सर भूकंपाला भेले. म्हणू द्या. चारशेत हट्टी सातच, त्यात तुमची साक्षी पहिली — परीक्षा तोंडावर, अन् तिलाच नेलं तर माझ्या हॉलाचं काय?

भेलो होतो, हाव. त्र्याण्णवला, किल्लारीनंतर पंधरा दिवसांनी, भरदुपारी आवई उठली — मोठा हादरा येणार. शेजारच्या रामकिशननं बाज रस्त्यावर टाकली, त्याला बघून गल्ली पळाली, गल्लीला बघून मी. एमएस्सी फिजिक्स! हातात कुकर. अन् प्रमोदिनी, आमची मंडळी, चुलीपुढं बसलेली. मी बाहेरून ओरडायलो, ती म्हणती — एवढी भाकरी उतरू द्या. हादरा आलाच न्हाई. दुसऱ्या दिवशी ती नांदेडला माहेरी गेली. म्हणाली, पळालात त्याचं काही न्हाई वाटलं, पण कुकर घेतलात अन् मला न्हाई. परत आली न्हाई — हे कशाला सांगायलो मी तुम्हाला?

तर मुद्दा असा — तुमच्या गावच्या चौघांनी क्लासातनं पोरं काढली, त्यांना बघून तुम्ही बी… काय? त्यांना बघून न्हाई? साक्षीनंच फोन करून बोलावलं? कुणाला विचारून? — कुणालाच न विचारता! काय म्हणाली? ‘मी सरांचं बियाणं न्हाई, घरी बसून माझी मी शिकते’? …असं म्हणाली?

न्हाई, डोळ्यात खडू गेलाय. आता अडवू कसा, सांगा? अडवल्यावर थांबली तर ती बी त्या साडेतीनशेतलीच की. न्या तिला. खरंच न्या. माझ्याकडं बघत उभं राहू नका — जा म्हणलं ना.