आधी कंपाऊंड, मग पाया

...नाही, मला फक्त एवढंच सांगा, मोकळ्या प्लॉटवर पाया खणायच्या आधी, साधी चुन्याची आखणी करायच्याही आधी, कुणी कंपाऊंडची भिंत बांधतं का? बांधतं! आमचे अण्णा बांधतात! कोंडीराम त्यांचं नाव, साखर कारखान्यातनं रिटायर झाले आणि सावेडीत घर काढलं, तेही नेमकं मी आर्किटेक्टच्या परवान्याच्या परीक्षेला बसत असताना! परवाना मिळाला तर माझ्या नकाशावर माझी सही, नाही तर जन्मभर दुसऱ्याच्या सहीसाठी रेघा ओढायच्या. आणि तुम्हाला सांगतो, अभ्यास माझा चोख होता, एक प्रकरण सोडून... बांधकामातल्या कामांचा क्रम. कशानंतर काय. ते काही केल्या डोक्यात बसेना. तर अण्णा म्हणतात, "सम्राट, पुस्तकात काय मुंडी घालून बसलास? घर हुबं ऱ्हातंय डोळ्याम्होरं, त्येच्याकडं बघ की!"

बघितलं. तिथंच घात झाला.

मी अत्यंत सौम्य शब्दांत म्हटलं, "अण्णा, क्रम असतो हो, क्रम!"

"तुझा क्रम ऱ्हाऊ दे. त्यो शेजारचा कारभारी बघ आधी! रोज हद्दीची खुंटी सरकवतोय. पाया खनंस्तवर निम्मा प्लॉट त्याच्या परसात जाईल!"

झालं, कंपाऊंड उभं. पुरुषभर उंच, वर काचा! आणि मग, मंडळी, बांधकामाला पाणी हवं म्हणून बोअरची गाडी आली. केवढी असते ती गाडी? आणि आमचं फाटक केवढं? लूना आत जाईल एवढं! ड्रायव्हर म्हणतो, "मालक, बोअर रस्त्यावर घ्यायचं का?" मग काय, पाडलं कंपाऊंड! पाडलं तेही कुठल्या बाजूनं? कारभाऱ्याच्या! गाडी वळायला तेवढीच मोकळी जागा! तो बाज टाकून बघत बसलेला, दात कोरत. "पाडा, पाडा... हवा लई कोंडत हुती!"

क्रम असतो हो, क्रम!

बरं, हे थांबतंय का? भिंती छातीपर्यंत आल्या नाहीत तोच आमच्या आईनं, विमलबाईंनी, बाजरीची पत्र्याची कोठी त्या खोलीत नेऊन ठेवली. चांगली माझ्याएवढी कोठी! मग चौकट बसली, स्लॅब पडला, आणि कोठी आत. बाहेर निघेना! गवंडी गिलावा करायला आला, म्हणतो, कोठीमागं हात पोचत नाही. मी म्हटलं, "आई, आधी गिलावा, फरशी, रंग आणि मग सामान." आई म्हणते, "कोठीमागं कोन बघाया येतंय? तुझा परीक्षेवाला?"

आला की तो! दिवसरात्र तो माझ्या डोक्यात येऊन बसला आणि त्याच्यासमोर कोठी! पुस्तक उघडावं तर जोत्याच्या जागी बाजरी दिसायची!

पुण्याला तोंडी परीक्षा. समोर साहेब, कडक इस्त्री, थंड आवाज. "मोकळा प्लॉट आहे. पहिलं काम?"

आखणी! मला माहीत होतं हो, आखणी! पण तोंडातून काय बाहेर पडावं? "शेजारी कोण आहे ते बघणे, सर."

"...बरं. मग?"

"कंपाऊंड."

"मग?"

"बोअरची गाडी येते, सर."

"कंपाऊंड आहे ना? आत कशी येते?"

"पाडून, सर."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि स्लॅबच्या आधी काय करून घ्याल?"

मी जीभ चावली, अक्षरशः चावली! तरी निसटलंच. "...कोठी आत घ्यायची, सर."

पेनाला टोपण लावलं त्यांनी. "घरी कुणी बांधकाम काढलंय का?" म्हणाले. "ते पुरं होऊ द्या. मग या." नापास! तोंडावर!

क्रम असतो हो, क्रम... कुणाला सांगू?

एसटीनं परत आलो, मान खाली घालून सावेडीत उतरतो, तर कोपऱ्यावरच्या फळ्यावर ही एवढाली अक्षरं! 'चि. सम्राट परवाना परीक्षा पास झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' तेही खडूनं नव्हे... ऑइलपेंटनं!

घरी पोचताच मी ओरडलो, "अण्णा, मी नापास झालोय!"

"आसू दे की. कवा तरी व्हशीलच. रंगारी आजच मोकळा हुता!"

तेवढ्यात कारभारी कंपाऊंडच्या भगदाडातनं आला, हात हातात घेतला, "अभिनंदन, साहेब!"

मी म्हटलं, "आभारी आहे." काय करता? अभिनंदन झालं, आभार झाले... आता पास व्हायचं तेवढं किरकोळ काम राहिलंय.